ठकूचं कूट

फार मागं, एका बांधाखालच्या बिळात ठकू उंदरीण राहायची. तरणी होती तेव्हा मिळेल ते कुरतडायची. पुढं पोरं झाली, सगळं त्यांना भरवलं. दात हलायला लागले तशी मात्र ती शेंगा फोडून, दाण्यांचं कूट करून कोपऱ्यात साठवायला लागली.

एक दिवस थोरला भिवा आला. "आये, तुझ्या नातवाचं बारसं आहे. सगळं शिवार जेवायला बोलावलंय. ते कूट दे."

"शेंगा रानात आहेत, दात तुला आहेत. फोड की!"

"तुला गं आता काय लागतंय? लोक काय म्हणतील?"

ठकू कुटापुढं ठाण मांडून बसली. "लोकांना सांग, म्हातारीचे दात पडलेत. तोंड अजून जागेवर आहे."