खेकडीचा निरोप

फार मागे खाडीकाठी एक खेकडी राहायची. तिची लेक पलीकडच्या काठाला गेली, ती तिकडचीच झाली. खेकडी रोज वाळूवर तिच्यासाठी निरोप लिहायची. बगळा तो वाचून पलीकडे सांगणार होता. पण बगळा दिसला की ही लाजून सगळं पुसून टाकायची.

शेजारची शिंपली फट उघडून बघतच असायची. तिला राहवेना. "अगं, रोज लिहितेस काय नि पुसतेस काय?"

"'प्रिय कन्येस सप्रेम आशीर्वाद.' पण माझ्या हातचं वाटतच नाही गं."

"कसं वाटेल? समोर असती तर काय म्हणाली असतीस?"

"चिखल मऊ झालाय, ये गं लोळायला."

"मग तेच लिही की, बाई!"

खेकडीने लिहिलं. अक्षर वाकडंतिकडंच आलं. तेवढ्यात भरती लागली आणि बगळा अजून लांब होता. खेकडी नांग्या पसरून पाण्याला आडवी झाली. "बगळेदादा, लवकर या, वाचा!"