गाडग्यातले तीन चमचे

एक होता राजा. राज्य एवढंसं, की राजा वाड्यात शिंकला की वेशीवरचा पहारेकरी तिथूनच "शतायुषी व्हा" म्हणायचा.

त्याची राणी लग्न होऊन आली, तेव्हा दागिन्यांच्या पेटीबरोबर वाटीत माहेरचं विरजणही घेऊन आली होती. रोजचं दही तीच लावायची. आणि मग काय झालं, राणी आजारी पडली आणि वारली, बरं का. मागे राहिली सात वर्षांची येसू, आणि राणीनं शेवटचं लावलेलं गाडगंभर दही.

येसू म्हणाली, "आईचं आहे. कुणी हात लावायचा नाही."

राजाला तर काहीच सुचत नव्हतं. त्यानं पहारा बसवला. भाले घेऊन दोन शिपाई. दह्याला!

दिवस गेले. दही आंबलं, सुकलं. मग एका सकाळी गाडगंच बोललं. शिपाई भाले टाकून पळाले.

"येसू, अगं, मी मरायला टेकलंय. तळाशी तीन चमचे तेवढे जिवंत आहेत. दूध घाल, नाहीतर तुझ्या आईचं दही संपलंच म्हणून समज."

येसू घाबरली. धावत जाऊन उकळतं दूध घेऊन आली. त्यात एक चमचा घातला. दूध नासलं.

"भाजलंस की गं!" गाडगं ओरडलं.

मग तिनं विहिरीत गार केलेलं दूध आणलं. दुसरा चमचा घातला. वाट पाहिली, पाहिली. दूध आपलं तसंच. गाडग्याला मात्र पडसं झालं.

उरला एक चमचा. आता येसूचा हात पुढे होईना.

"हाही गेला तर?"

राजा दारातच उभा होता. त्यानं मुकुट काढून फळीवर ठेवला, चुलीवर नवं दूध तापवलं आणि तिथंच बसला.

"तुझी आई दुधात करंगळी बुडवून बघायची."

"ती करंगळी मी कुठून आणू?"

"तुझी घाल की, बाळा."

येसूनं करंगळी बुडवली. चटका बसला. मग थांबली. पुन्हा बुडवली. अजून जरा. तिसऱ्यांदा बुडवली, आणि बोट बाहेर काढावंसंच वाटेना. कुशीत शिरल्यासारखं कोमट होतं ते. आई गेल्यापासून येसू तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. राजाही रडला. रडत रडतच दोघांनी शेवटचा चमचा घातला, दूध गाडग्यात ओतलं आणि गाडगं घोंगडीत गुंडाळून ठेवलं.

दही लागलं, बरं का! चांगलं घट्ट.

"आईच्यासारखं नाही झालं," येसू म्हणाली.

"नाही झालं. आंबट आहे," राजा म्हणाला, आणि त्यानं आणखी भात मागितला. कितीतरी दिवसांनी.

तेवढ्यात शेजारची कासारीण वाटी घेऊन आली. "ताईसाहेब, विरजण मिळेल का जरा? आमचं दूध तसंच राहिलंय."

येसूनं गाडगं पोटाशी धरलं. गाडगं काही बोलेना. मग तिनं चमचा घेतला आणि कासारणीच्या वाटीत दही घातलं. जरा जास्तच घातलं.

पुढे येसू आणि राजा सुखानं दहीभात खात राहिले. कधी गोड, कधी आंबट. आणि तुम्ही रे? दही लावलेलं गाडगं कसं गप्प बसतं? तसं पांघरुणात शिरा बघू. हलायचं नाही, बोलायचं नाही. सकाळी उठल्यावर बघू कोण कसं लागलंय ते.