डोंगरापलीकडचा धूर

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ती खोटी आहे म्हणायला एकही साक्षीदार उरलेला नाही. तेव्हा गप ऐका.

बर्फाच्या देशात एका डोंगराच्या दोन कुशींना दोन गावं होती. मधे पांढराशुभ्र उघडा उतार, त्यामुळे एका गावातून दुसऱ्याची छपरं दिसायची. त्याच्या पोटावरून एक वाट जायची आणि बरोब्बर मधोमध एक काळा धोंडा होता. या गावच्या मुली त्या गावात द्यायच्या, त्या गावच्या या गावात. म्हणजे दोन्हीकडे रडणारं कुणी ना कुणी असायचंच.

पण ही माणसं रडण्यातही हुशार. त्यांनी धुराची बोली केली होती. छपरावर धूर दिसला की समजायचं, माणूस घरी आहे, खुशाल आहे. माहेरी निघताना बाईनं आपली चूल विझवायची. पलीकडच्या आईला धूर दिसेनासा झाला की ती ओळखायची, लेक निघाली! मग तीही चूल विझवायची आणि ऊन ऊन सातूची पेज घेऊन काळ्या धोंड्यापर्यंत सामोरी यायची.

आणि निघायचं कधी? वळचणीची पहिली पागोळी गळली, की वाट उघडली. बस्स. एवढंच शास्त्र. त्यापुढे कुणी डोकं चालवलं नव्हतं, आणि तुम्हीही चालवलं नसतं.

अलीकडच्या गावात एक सून होती. रोज सकाळी अंगणात उभी राहून ती आईच्या छपरावरचा धूर बघायची. धूर सरळ वर गेला तर म्हणायची, "आई आज बरी आहे." वाकडा गेला तर म्हणायची, "आई आज खोकतेय." सासरा दाराशी बसून हसायचा. "सूनबाई, वाऱ्यानं वाकतो तो. तुझ्या आईच्या खोकल्यानं धूर वाकला असता, तर माझ्या घोरण्यानं छप्पर उडालं असतं."

ती हसायची, पण डोळे पलीकडेच.

त्या वर्षी भर हिवाळ्यात मोठं वादळ झालं. कमरेएवढा नवा बर्फ पडला. आणि वादळ सरतं न सरतं तोच उबदार वारा सुटला, ऊन पडलं. दुपारी टप् करून पागोळी गळली.

सुनेनं गाठोडं बांधलं. आईसाठी लोकरीची टोपी केव्हाची विणून ठेवली होती.

"आज नको," सासरा म्हणाला.

"पागोळी गळली, मामंजी!"

"माझं नाकही गळतंय. म्हणून काय वसंत आला?" त्यानं पाट तिरका धरला, त्यावर सातूचं पीठ थापलं आणि वरून कोमट पाणी शिंपडलं. पीठ क्षणभर थांबलं, मग सगळंच्या सगळं भप्पकन खाली. "खालचा बर्फ जुना, गुळगुळीत. वरचा नवा, आता भिजून जड झालेला. पुन्हा थंडी पडू दे, सगळं कडक होऊ दे, मग पहाटे जा."

"तुम्हाला चेष्टाच सुचते. आई म्हातारी झालीय हो."

तिनं चुलीवर पाणी ओतलं आणि निघाली. तुम्ही म्हणाल, हट्टी! ज्याचं कुणी डोंगरापलीकडे नाही त्यानं बोलू नये.

उताराच्या कडेशी ती आली, तर वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत होते. तिनं एक पाऊल टाकलं. पायाखाली डोंगर 'हुंऽऽ' करून हुंकारला, आणि बर्फात एक भेग सापासारखी सळसळत वर गेली. तिला मामंजींचा पाट आठवला. पाऊल हळूच मागे आलं.

मग तिनं पलीकडे पाहिलं. आईच्या छपरावर धूर नव्हता. वाटेवर एक काळा ठिपका धोंड्याकडे सरकत होता.

"आई, मागे फिर!" हाक वाऱ्यानं खाल्ली.

ती धावत घरी आली. "मामंजी, आई निघाली! चूल..."

"तू विझवलीस," म्हातारा मडकं पुढे करत म्हणाला, "पण एक निखारा मी आधीच चोरला होता. पोरपणापासूनची खोड."

तिनं निखारा फुंकला, त्यावर ओला पेंढा घातला. दाट धूर छपराबाहेर पडला. त्या धुराचा अर्थ एकच होता: मी येत नाही.

ठिपका थांबला. किती वेळ तसाच उभा राहिला. त्या उभं राहण्यात काय काय होतं ते सुनेला इकडून वाचता येत होतं. ती रडत रडत पेंढा घालत राहिली. शेवटी ठिपका वळला, आणि आला त्याच्या निम्म्या वेगानं परत निघाला.

तो पलीकडच्या कडेला टेकतो न टेकतो, तोच डोंगरानं पाट झटकला. सगळा उतार गर्जत खाली आला. काळा धोंडाही दिसेना. नुसता पांढरा धुरळा.

धुरळा बसला. सून पलीकडे पाहत होती. आणि संध्याकाळी पलीकडच्या छपरावर धुराची एक बारीक रेघ उमटली. वाकडी.

"खोकतेय," सासरा हळूच म्हणाला.

पुढे कडाक्याची थंडी परतली. उतार ओझं टाकून मोकळा झाला होता, उरलेला बर्फ दगडासारखा झाला. एका पहाटे सासऱ्यानंच तिला हलवलं. "ऊठ. आता विझव चूल."

धोंडा होता तिथे दोघी भेटल्या. आई म्हणाली, "धूर दिसला तेव्हा तुला खूप शिव्या दिल्या गं."

"केव्हापर्यंत?"

"डोंगर खाली येईपर्यंत."

मग पेज निवली तरी कुणी कुणाला सोडलं नाही.

तेव्हापासून त्या दोन गावांत भर हिवाळ्यात पागोळी गळली, की लोक चुली आणखी पेटवतात, आणि अंगणातलं पाणी गोठेपर्यंत नुसते एकमेकांचे धूर बघत बसतात.

तात्पर्य काय, तर डोंगर कुणाची ओढ ओळखत नाही. ज्याला खरंच पोचायचंय, त्यानं थांबायला शिकावं.