एक जूनची परी

डोंगर आता संपला असं वाटतं आणि तरीही तो संपत नाही, अशा एका ठिकाणी सात घरांची एक चिमुकली वाडी होती. वाडीला शाळा एकच, आणि शाळेला खोलीही एकच. पहिली ते चौथीचे चार वर्ग चार भिंतींना पाठ लावून बसायचे आणि मधल्या जागेत गुरुजी गरागरा फिरायचे. पहिलीला बाराखडी सांगता सांगता ते चौथीचा भागाकार तपासायचे, आणि क्वचित चौथीलाच बाराखडी विचारून बसायचे.

त्या शाळेत मथी होती. खरं नाव मथुरा, पण एवढं लांबलचक नाव फक्त हजेरीच्या वेळी बाहेर निघायचं. मथीच्या झग्याला तीन ठिगळं होती, एक निळं, एक पिवळं आणि एक डाळिंबी. तिला वडील नव्हते. दोन वर्षांपूर्वी वाडीखालच्या ओढ्याला लोंढा आला आणि पलीकडून मीठमिरची घेऊन येणारा तिचा बा त्या पाण्यातून घरी आलाच नाही. तेव्हापासून तिची आई, कोंडाबाई, रानातले हिरडे वेचून घर चालवायची. मथी सकाळी शेळ्या राखायची, मग शाळेत जायची. तिच्या वर्गातल्या जनीचा एक पाय अधू होता. शाळा सुटली की बाकीची पोरं भुर्रकन पळायची, पण मथी जनीच्या बरोबरीनं हळूहळू चालायची आणि वर म्हणायची, "मलाच पळायचा कंटाळा आलाय गं."

चौथीत पाच जण होते. मथी, जनी, सोमी, बुध्या आणि धोंडू. पाचही जण पास झाले. आता पुढं काय? पुढं पाचवी, आणि पाचवी म्हणजे हायस्कूल. ते ओढ्यापलीकडच्या गावात होतं. गुरुजी सांगायचे, की तिथं प्रत्येक वर्गाला वेगळी खोली असते, खिडक्यांना आकाशी रंग आहे, आणि एक अख्खं कपाट नुसत्या गोष्टींच्या पुस्तकांनी भरलेलं आहे. मथीनं त्या कपाटाबद्दल इतक्यांदा विचारलं होतं, की शेवटी गुरुजींनी हात जोडले होते.

पण वाडीतलं कुणीही आजवर पाचवीला गेलं नव्हतं. पावसाळाभर ओढा फुगलेला असायचा आणि त्यावर साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, नव्हता. साकव घालायचा तर मोठाली लाकडं हवीत. तशी झाडं होती ती फक्त देवराईत, आणि देवाच्या त्या राईतली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नसे. चुलीला जळण नसलं तरी नाही. वाडवडिलांपासून चालत आलेला तो नेम होता आणि तो मोडायचा विचार कुणाच्या मनातही येत नसे.

एक जूनला गुरुजी सुट्टीतच मुद्दाम डोंगर चढून वर आले. हायस्कूलात नाव घालायला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून पाचांचे पाच दाखले त्यांनी पिशवीतून आणले होते.

"गुरुजी," बुध्यानं दाखला डोळ्यांजवळ धरून विचारलं, "माझी जन्मतारीख एक जून हाय?"

"माझी पन!" सोमी ओरडली. पाचही दाखल्यांवर एक जूनच होती.

गुरुजी ओशाळून हसले. "काय करणार बाळांनो? शाळेत नाव घालायला आलात तेव्हा कुणाच्याच आईबापाला तारीख सांगता येईना. बुध्या बुधवारचा आणि सोमी सोमवारची, एवढं नावावरूनच कळत होतं. मथीची आई म्हणाली, रानात कारवीची झुडपं फुलली व्हती तवा झाली. आता पटावर कारवी कशी लिहू? तारीख तर लागतेच. म्हणून मी सगळ्यांना एक जून दिली."

मथीनं दाखला घरी नेला. कोंडाबाईनं तो हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि परत दिला.

"आई, मी जाऊ हायस्कूलला?"

"न्हाई."

"आई..."

"चौथी झाली न्हवं? बास झालं. त्या पान्यानं तुझा बा नेला, मथे. आता तुला एकटीला त्या वाटंला धाडू? माझ्यात न्हाई बळ." आईचा आवाज इतका थकलेला होता, की मथीला पुढं हट्ट करवेना. तिनं शेळ्या सोडल्या आणि ती रानाकडे निघाली.

देवराईच्या कडेला, ओढ्याच्या काठावर एक जुना उंबर होता. अगदी समोर, पलीकडच्या काठावर, दुसरा. दोन्ही देवराईतलेच. उन्हाचे सोनेरी ठिपके पाचोळ्यावर नाचत होते, हिरव्यागार पानांतून निळी-जांभळी फुलपाखरं भिरभिरत होती, पण मथीला काही दिसत नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते. आता शाळा नाही, मग आपण अक्षरं विसरून जाऊ, अशी तिला भीती वाटली. म्हणून तिनं दाखला उघडला आणि मोठ्यानं वाचायला घेतला.

"मथुरा... इयत्ता चौथी पास... जन्मतारीख एक जून."

उंबराच्या पानावर काहीतरी चमचमलं. आधी चांदणीएवढा ठिपका, मग करंगळीएवढी आकृती. इवलीशी परी! तिचे पंख आतून मोतिया आणि कडेनं गुलाबी होते, आणि पाऊल ठेवील तिथं रुपेरी धूळ सांडत होती.

"हाक मारलीस ना?" परीचा आवाज मधाळ होता. "वाढदिवसाच्या दिवशी कुणी आपली जन्मतारीख या राईत मोठ्यानं वाचली, की मला यावंच लागतं. तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण माझे नेम आहेत. इच्छा फक्त वाढदिवसाला मिळते. एका तारखेला एकच मिळते. आणि खोटं बोलून मागितली, तर तिचा वाळका पाचोळा होतो."

 मथीची इच्छा तर ओठांवरच होती! परी समोर उभी होती, तारीख कागदावर होती, वर शाळेचा शिक्कासुद्धा होता. नुसतं तोंड उघडायची खोटी. पण मथीला ते जमेना. तिनं दाखल्याची घडी घातली.

"परीबाई, तुमी उगाच आलात," ती खाली मान घालून म्हणाली. "आज माझा वाढदिवस न्हाई. मी कारवी फुलली तवा झाले. ही तारीख गुरुजींनी दिलीया. आमा पाची जनांना हीच दिलीया."

परीच्या पंखांवरची चमक मंदावली. "मग मला गेलं पाहिजे, बाळ."

"व्हय," मथी म्हणाली, आणि तिच्या गालांवरून आसवं घळाघळा वाहू लागली.

परी उडाली, पण घुटमळली. पुन्हा येऊन पानावर बसली. "एक सांग. गुरुजींनी ही तारीख दिलीच कशाला?"

"त्याबिगर पटावर नाव लागत न्हाई. नाव न्हाई तर शाळा न्हाई."

 परीचे पंख हळूहळू उजळले, आधी फिकट पिवळे, मग केशरी. "म्हणजे आईच्या पोटी तू कारवीत जन्मलीस. पण शाळेच्या पटावर जन्मलीस ती एक जूनलाच. खरं सांगितलंस म्हणून मला हे कळलं, नाहीतर तुझी इच्छा मघाशीच पाचोळा झाली असती. हा तुझा शाळेतला वाढदिवस आहे, मथुरा. यावर शाळेपुरतीच इच्छा मिळेल. चालेल?"

चालेल? मथी रडता रडता हसली.

परीनं टाळी वाजवली. पाचोळ्यावर दोन चिमुकल्या रुपेरी चपला उमटल्या. त्यांच्यावर मोरपंखी खडे लुकलुकत होते. "या घातल्यास की ओढा, रान, चढण, काही आडवं येणार नाही. डोळे मिटून उघडेपर्यंत तू हायस्कूलच्या दारात. पण त्या तुझ्याच पायांना होतील."

मथीनं एक चप्पल हातात घेतली. ती फुलाइतकी हलकी होती. तिच्यात पाय घालायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"एका तारखेला एकच इच्छा, असं म्हनलात ना? मग ही तारीख तर जनीची बी हाय. बुध्याची, सोमीची, धोंडूची बी. मी ही इच्छा वापरली तर त्यांची संपली?"

"संपली," परी हळूच म्हणाली. "पण इथं आलीस तू. वाचलंस तू. तू घेतलीस तर कुणी तुला चोर म्हणणार नाही."

मथी त्या चपलेकडे पाहत राहिली. खोटं कशाला सांगू, तिला ती फार फार आवडली होती. पण जनीला मागं टाकून ती कधी चालली नव्हती, आणि आता तर उडून जायचं होतं. तिनं चप्पल जपून खाली ठेवली. 

"मला साकव द्या, परीबाई. पाची जनांना जाता येईल असा. जनीला धरायला कठडा बी हवा. आन देवराईतली एक काडी मोडायची न्हाई."

"साकव दिला तर चपला नाहीत. रोज पायी चालावं लागेल. काटे, चिखल, चढण, सगळं."

"आमी पाच जन असू की," मथी म्हणाली.

परीनं दोन्ही हातांनी तिचं नाक धरून त्यावर इवलासा पापा घेतला. "काडी न मोडता साकव बांधायचा, तर तो वाढवावा लागतो. पहिलं पाऊल पडेपर्यंत मी त्याच्या मुळांत राहीन. पाऊल पडलं की मला जावं लागेल." एवढं बोलून ती उंबराच्या मुळाशी उतरली आणि दिसेनाशी झाली. चपलाही विरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मथी बघते तो काय, दोन्ही काठांवरच्या उंबरांची मुळं ओढ्यावर झुकली होती. सोनसळी, नाजूक, केसाएवढी! रोज ती थोडी लांबत होती, जाड होत होती, एकमेकांच्या गळ्यात पडून वेणीसारखी गुंफली जात होती. खाली ओढ्याला पाणी चढत होतं आणि वर साकव विणला जात होता. मथीनं आईला सांगितलं, तर कोंडाबाई तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघू लागली.

शाळा उघडायच्या सकाळी मथी म्हणाली, "आई, एकदा बघ तरी. तू नको म्हनलीस तर मी न्हाई जायची. तुझी आन."

अख्खी वाडी ओढ्यावर गेली. पाहतात तर दोन्ही उंबरांमध्ये मुळांचा साकव, दोन्ही बाजूंना हाताला येईल असा कठडा, आणि त्याला कोवळी तांबूस पालवी फुटलेली. झाडांचं एक पानही तुटलेलं नव्हतं. बायाबापड्यांनी देवराईच्या दिशेनं हात जोडले. कोंडाबाईनं जोडले नाहीत. ती खाली पाण्याकडे बघत होती. तांबडं पाणी घोंघावत चाललं होतं आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"एकटी जानार व्हय गं?" तिनं वळून न बघता विचारलं.

"न्हाई आई. आमी पाच जन. जनीच्या चालीनं."

कोंडाबाईनं दाखले छातीशी धरून उभ्या असलेल्या पाचही लेकरांकडे पाहिलं. मग तिनं पदर कमरेला खोचला आणि कुणाला काही कळायच्या आत स्वतःच साकवावर पाऊल टाकलं.

त्याच क्षणी मुळांतून उजेड धावला. हिरवा, केशरी, मोतिया, गुलाबी, आणि मग नुसता लख्ख शुभ्र. त्या उजेडातून इवलीशी परी वर तरंगत गेली. तिनं मथीकडे पाहून हात हलवला आणि सकाळच्या उन्हात ती मिसळून गेली. बाकीच्यांना वाटलं, पाण्यावर ऊन चमकलं.

कोंडाबाई मात्र चालतच राहिली. मधोमध गेल्यावर ती थांबली, कठडा घट्ट धरला आणि खाली वाकली. दोन वर्षांत ती या पाण्याच्या इतक्या जवळ गेली नव्हती. तिचे खांदे गदगदा हलले.  मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि लेकरांकडे हात पसरला.

"या रं," ती म्हणाली. "आधी जनी. मग बाकीची. मथे, तू शेवटी ये, म्हंजी मला तुला पोटभर बघता येईल."

एकेक करून चौघं तिच्या हाताला हात लावून पलीकडे गेली. शेवटी मथी आली. कोंडाबाईनं तिला क्षणभर पोटाशी धरलं आणि मग आपणहून, दोन्ही हातांनी, हायस्कूलच्या वाटेकडे तिचं तोंड वळवलं.