मुठीवरचा राक्षस

दूर पूर्वेला, समुद्रापलीकडच्या एका बेटावर एक कारागीर राहायचा. कट्यारीची लाकडी मूठ कोरावी तर त्यानंच! मुठीवर तो असा राक्षस काढायचा, की बघणाऱ्याची बोबडी वळावी. वटारलेले डोळे, बाहेर आलेले सुळे, फुगलेल्या नाकपुड्या!

पण बेटाची एक रीत होती. पात्यावर मूठ बसवताना राक्षसाचं तोंड कट्यार बाळगणाऱ्याकडे वळवायचं. लोकांना दिसायची ती नुसती पाठ. कारागिराला ही रीत मुळीच पटत नसे.

एकदा राजकन्येचं लग्न ठरलं. राजानं नवी कट्यार करायला सांगितली. कारागिरानं जीव ओतून मूठ कोरली आणि तो बायकोला म्हणाला, "अगं, सगळं बेट लोटणार लग्नाला. मी तोंड बाहेरच वळवतो. बघू देत तरी!"

"अहो, नका असं करू. तो राक्षस लोकांसाठी नाही, राजासाठी असतो."

ऐकतो कसला! त्यानं तोंड बाहेर करूनच मूठ बसवली.

लग्नाच्या दिवशी राजा ती कट्यार कमरेला खोचून मांडवात आला आणि एकच गलका झाला. "काय ते डोळे! काय ते दात!" राजाशेजारी उभ्या कारागिराला आभाळ ठेंगणं झालं. इतक्यात पाया पडून उठणाऱ्या नवरदेवाचा धक्का लागला आणि राजाचा मुकुट घरंगळत खाली! लोक खो खो हसले. झालं! राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा हात कमरेच्या कट्यारीकडे वळला. राजकन्या किंचाळली.

बायकोचं बोलणं कारागिराला आत्ता कळलं. राजाच्या बाजूला तर राक्षसाची नुसती पाठ होती! त्यानं झेप घेतली आणि राजाचा हात पोचायच्या आत मूठ कर्रकन फिरवली.

राजानं खाली पाहिलं. राक्षस त्याच्याकडेच डोळे वटारून बघत होता.

"हा कोण रे?" राजा गरजला.

"महाराज, आत्ता तुम्ही अस्सेच दिसताय," कारागीर म्हणाला. "चूक माझी. यानं तुमच्यावर नजर ठेवायची, मी त्याला मिरवायला लावलं."

राजानं आपल्या नाकपुड्या चाचपल्या. चांगल्याच फुगल्या होत्या! त्याला हसूच फुटलं. त्यानं मुकुट उचलला आणि जावयाच्या डोक्यावर ठेवला.

"वाजवा रे!" तो ओरडला, आणि ढोल असे घुमले की मांडव दणाणला.

पुढे कुणी त्या कारागिराला विचारलं, "राक्षसाचं तोंड कुठंय?" तर तो म्हणे, "ज्याची कट्यार, त्यालाच विचारा."

तात्पर्य: दुसऱ्यावर डोळे वटारण्याआधी आपलं तोंड आपण बघून घ्यावं.