टिचकीला हवा खरा लाडू

एक होतं नाटकघर. तिथे सगळंच खोटं. भिंत खोटी. खिडकी खोटी. मिशा खोट्या. मिशांखालचं हसू तर फारच खोटं!

मग खरं कोण? एक इवलीशी उंदरीण. तिचं नाव टिचकी. टिचकी खरी, आणि तिची भूक त्याहून खरी.

नाटकात होतं लग्न. लग्नात होतं रुखवत. रुखवतात लाडूच लाडू, आणि मधोमध एक नारळ. लाडू मांडताना एक तुकडा खाली पडायचा. टप्प! तो टिचकीचा.

आजही पडला. टप्प! टिचकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. चावली. कचकच, कचकच... थू थू थू! हा तर थर्माकोल!

नाटकाचं सामान करायचे सदूकाका. काका लांब उभे राहिले. मान वाकडी करून लाडू बघितला. स्वतःवरच खूश झाले.

"दिसतो कसा? अगदी खरा!"

टिचकी म्हणाली, "चावतो कसा? अगदी खोटा! सदूकाका, सदूकाका, खरा लाडू द्या ना!"

"खरा कसा देऊ, बाई? रंगराव नट तो गालात धरतात. मग बोलतात फुर्र फुर्र! पुढच्या रांगेवर लाडवाचा पाऊस! रंगरावांना घास गिळू दे, मग देतो."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

रंगराव आरशासमोर बसले होते. स्वतःलाच नमस्कार करत होते. दोघंही फार खूश होते.

"रंगराव, रंगराव, घास गिळा ना!
काका लाडू देईनात,
माझं पोट भरेना!"

"गिळू? कधी गिळू? शालनताईंनी माझं वाक्य लिहिलंय केवढं! गावाला जाऊन परत येतं. ताईंना वाक्य कापू दे, मग गिळतो."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

शालनताईंनी नाटक लिहिलं होतं. आपलंच नाटक वाचून आपलेच डोळे पुसत होत्या.

"शालनताई, शालनताई, वाक्य कापा ना!
रंगराव घास गिळेनात,
काका लाडू देईनात,
माझं पोट भरेना!"

"कापू? माझं वाक्य? शहाणीच आहेस! तिसरी घंटा झाली की माझी उडते गडबड. गडबडीत काय ते कापते. घंटा होऊ दे, मग कापते."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

घंटा वाजवायचे केरूअण्णा. अण्णा आज घामाघूम. नारळ दगडावर आपटत होते. भप! भप! भप!

"केरूअण्णा, केरूअण्णा, घंटा वाजवा ना!
ताई वाक्य कापेनात,
रंगराव घास गिळेनात,
काका लाडू देईनात,
माझं पोट भरेना!"

"घंटा वाजवू? नारळ वाढवल्याशिवाय? नाटकाआधी पूजेचा नारळ वाढवायचा, मग तिसरी घंटा. नारळ फुटू दे, मग वाजवतो."

वाढवायचा म्हणजे फोडायचा, बरं का! मोठी माणसं असंच बोलतात. आपण हो म्हणायचं.

टिचकी नारळाजवळ गेली.

"नारळा, नारळा, फूट ना!
अण्णा घंटा वाजवेनात,
ताई वाक्य कापेनात,
रंगराव घास गिळेनात,
काका लाडू देईनात,
माझं पोट भरेना!"

नारळ गप्प. मोठा मानी! टिचकीला आला राग. कडकडून चावली. कच्च! तोंडात काय आलं? कागद! थू थू थू!

"दिसतो कसा? अगदी खरा! चावतो कसा? अगदी खोटा!"

अण्णा बघतात तर काय! आत कागदाचा लगदा, वर शेंडी. सदूकाकांनी नारळ केला इतका छान, की त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. खोटा दिला पूजेला. खरा मांडला रुखवतात. वा, काका, वा!

टिचकी रुखवतावर चढली. नारळाला पाठ लावली. ढकल, ढकल. नारळ हलेना. पोटात भूक, डोळ्यांत पाणी. पुन्हा ढकल! गडगड, गडगड, गडगड... फटाक!

नारळ फुटला!
अण्णांनी घंटा वाजवली. टण टण टण!
ताईंची उडाली गडबड. वाक्य कापलं. कचाकच!
रंगरावांनी गिळून दाखवलं. गटक! तोंडात काही नव्हतं, तरी मान झुलवून गिळलं.
काकांनी घरचा डबा उघडला. खरा लाडू काढला. रुखवतात मांडला.

पडदा वर गेला. रंगरावांनी लाडू खाल्ला. तुकडा खाली पडला. टप्प!

टिचकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. चावली. अहाहा! बेसन! तूप! वेलची!

पुढच्या रांगेत एक फार हुशार काका बसले होते. ते शेजारच्या काकूंना म्हणाले, "नाटक झकास! पण तो लाडू? छे! अगदीच खोटा दिसतो."

टिचकी हसली. खुदुखुदु खुदुखुदु.

"दिसतो कसा? अगदी खोटा!
चावतो कसा? अगदी खरा!"

मग तिने घास गिळला. गटक! रंगरावांपेक्षा छान.

लाडू पोटात, गोष्ट ओठात, पडदा खाली!