थरथरणारा कागद

“दोहोंपैकी कोणतं सोडू, एवढंच सांगा, बुवा.”

शाल्मलीने हे उभ्यानेच विचारले. खांद्यावरची पिशवीही तिने उतरविली नव्हती.

भैरवगिरी मठाच्या ओसरीवर पत्रावळी लावीत बसले होते. त्यांनी पळसाचे एक पान उचलले, दुसऱ्यावर ठेवले आणि बांबूची बारीक चोय टोचली.

“बस.”

“बसायला वेळ नाही. एकची एस.टी. आहे.”

“मग उत्तर ऐकायला वेळ कुठून आणलास?”

ती बसली.

शाल्मली वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षात शिकत होती. तिची पहिली कादंबरी प्रकाशकाने स्वीकारली होती. तिचा शेवट तेवढा लिहावयाचा राहिला होता. पिशवीत दोन पाकिटे होती. एकात महाविद्यालय सोडीत असल्याचा अर्ज, दुसऱ्यात कादंबरी छापू नये असे प्रकाशकास पत्र.

“यांतलं एक आज संध्याकाळच्या आत जाणार,” ती म्हणाली. “तुम्ही बोट ठेवा. मी फाडणार नाही, रडणार नाही.”

“दिवस कसा जातो?”

“आठ ते चार रुग्णालय. दहापर्यंत अभ्यास. दोनपर्यंत लेखन. पाचला उठते. भिंतीवर वेळापत्रक आहे, प्रत्येक कामाला वेगळा रंग.”

“जेवणाला कोणता?”

“…जेवण मधल्या मोकळ्या जागेत होतं.”

“म्हणजे पांढरा.”

ती हसली नाही.

“आणि बुवा, तो वीणेच्या तारेचा दृष्टांत नको. फार ताणू नये, फार सैल सोडू नये… तो मीच दोन कथांत वापरला आहे.”

“माझ्याकडे वीणा नाही, डॉक्टरीणबाई. पत्रावळी आहेत.”

त्यांनी चोय ठेवली आणि उजवा हात गुडघ्यावर टेकविला. तो हात आपणहून हलू लागला. अंगठा तर्जनीवर घासत होता, जणू एखादी गोळी वळीत असावा. त्यांनी पुन्हा पान उचलले. हात थांबला.

शाल्मलीची नजर तेथेच खिळली होती.

“तुम्हाला कंपवात आहे,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली असतील.”

“तीन. तालुक्याच्या डॉक्टरला ओळखायला तीन खेपा लागल्या. तू बसल्या जागी ओळखलास.”

तिची पाठ ताठ झाली.

“हात रिकामा असला की हलतो, कामात असला की थांबतो. सरळ लक्षण आहे. माझ्या कादंबरीत एका पात्राला हाच आजार आहे.”

“न दिसणारा कंप असतो का गं?”

“असतो. फार बारीक. हात पुढे ताणायला लावायचे, बोटं फाकायची, वर कागद ठेवायचा. डोळ्यांना दिसत नाही ते कागद दाखवतो.”

“दाखव बरं.”

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिने पिशवीतून कादंबरीचे एक लिहिलेले पान काढून त्यांच्या बोटांवर ठेवले. पान निश्चल राहिले.

“बघा. मी म्हटलं नव्हतं?”

“आता तुझे.”

“माझे कशाला?”

“मी केले ना पुढे?”

तिने हात ताणले. बुवांनी तेच पान उचलून तिच्या बोटांवर ठेवले.

ओसरीवर एक कोरडी सळसळ होऊ लागली.

शाल्मलीने कोपरे घट्ट केली. सळसळ वाढली.

“प्रवास झालाय,” ती म्हणाली. “सकाळपासून नुसता चहा…”

“मी कारण विचारलं नाही. वाच, काय लिहिलंयस.”

तिने डोळे बारीक केले. अक्षर तिचेच होते. ओळ मात्र हाती लागेना.

“वाच की.”

“…वाचता येत नाही.”

बुवांनी पान काढले. तिच्या पिशवीतून महाविद्यालयाचे पाकीट घेऊन तिच्या बोटांवर ठेवले. तेही थरथरू लागले. मग ते काढून प्रकाशकाचे ठेवले.

“पुरे, बुवा.”

त्यांनी पाकीट उचलले. तिचे हात मात्र तसेच पुढे राहिले. ते खाली घ्यावयाचे तिला सुचले नाही.

“याच हातांनी रक्त काढतेस?”

तिने हात मांडीवर ओढून घेतले.

“काल दोनदा शीर चुकली,” ती शेवटी म्हणाली. “एक म्हातारी होती. हात काळानिळा झाला. मला वाटलं, आता ओरडेल… ती ओरडली नाही.”

“मग?”

“माझ्याकडे बघून म्हणाली, ‘पोरी, जेवलीस का?’”

बुवांनी पळसाचे पान पुन्हा उचलले.

“मी तशीच वॉर्डाबाहेर पडले. खोलीवर गेले आणि हे दोन्ही कागद लिहिले.” तिचा आवाज चढला. “म्हणजे मी रुग्णाला हात लावायच्या लायकीची नाही, असंच ना? सोडू ना वैद्यक?”

सुई चालावी तशी चोय पानांतून निघाली.

“की लेखन सोडू? सांगा ना! एवढ्या लांबून मी काय पानं टोचताना बघायला आले?”

आत पंगतीची घंटा झाली. एक वाजण्यास पंधरा मिनिटे होती. फाट्यावर जाण्यास दहा लागत.

भैरवगिरींनी अखेरची चोय मोडली. तयार झालेली पत्रावळ त्यांनी तिच्यापुढे मांडली, तांब्यातले पाणी पत्रावळीवर शिंपडले आणि ती पुसून घेतली. दोन्ही पाकिटे त्यांनी शेजारी ठेवली, जेथे तिचा हात पोहोचेल अशी.

“बुवा, माझी गाडी…”

ते भात आणावयास उठले. उंबऱ्याशी थांबले. रिकामा हात पुन्हा हलत होता.

“त्या म्हातारीला उत्तर दिलंस का?”